सुरतेतले तीन रुपये : दादासाहेब फाळके यांच्या मूकपटांतील हास्य

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त सुरत येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



या सुरत शहराचा मराठी माणसाशी असलेला संबंध निघाला की प्रथम शिवछत्रपतींच्या दोन स्वाऱ्यांची आठवण होते. एक १६६४ ची आणि दुसरी १६७० ची. पुढे १८४४ साली दुर्गाराम मेहता यांच्याबरोबर याच शहरात मानवधर्मसभा स्थापन करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर आठवतात. मराठी व्याकरणाचे पाणिनी म्हणून ज्यांचा गौरव होतो, ते त्या काळी येथेच शिक्षक होते. मात्र आणखी एक मराठी गृहस्थ सुरतेत येऊन गेले आणि त्यांच्या हाती या नगरीने पहिल्या दिवशी केवळ तीन रुपये ठेवले, ही हकीकत फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही. ते गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके आणि ते तीन रुपये म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटाच्या सुरतेतील पहिल्या दिवसाचे उत्पन्न.

मुंबईत ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये हा चित्रपट लोकांसमोर आला आणि त्याने नाव मिळवले. त्यानंतर तो मुंबईबाहेर निघाला, तेव्हा सुरतेत हा प्रसंग घडल्याचे फाळके यांच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. तिकिटाचा दर तीन आणे होता. सर्व तिकिटे त्याच दराची धरली, तर तीन रुपयांचा अर्थ सोळा माणसे असा होतो. मुंबईची वाहवा ऐकून आलेल्या निर्मात्यापुढे सुरतेतले सोळा प्रेक्षक बसलेले आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे.

थिएटरच्या मालकाने कारण सांगितले ते अगदी व्यवहाराचे होते. गुजराती आणि पारशी नाटकमंडळ्यांचे खेळ दोन आण्यांत सहा सहा तास चालत. रात्री जेवून नाटकाला गेलेला प्रेक्षक पहाटेच घरी परतावयाचा. त्याच प्रेक्षकाला दीड तासाच्या करमणुकीसाठी तीन आणे मोजावयास सांगितले, तर तो हिशेब करणारच. आणि हिशेबाच्या बाबतीत सुरतकराला कोणी शिकवावे असे नाही. तेव्हा एक तर दर उतरवा, नाही तर खेळ लांबवा, असा सल्ला मालकाने दिला. फाळके यांनी दोन्ही गोष्टी नाकारल्या आणि एक नवी जाहिरात छापून घेतली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे अवघ्या तीन आण्यांत, असा तिचा आशय होता. उत्पन्न तीन रुपयांवरून तीनशे रुपयांवर गेले. मघाचाच हिशेब लावला तर सोळाचे सोळाशे प्रेक्षक झाले.

ही गोष्ट व्यापारी चातुर्याचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते. पण त्या जाहिरातीतले आकडे कोणी तपासून पाहिल्याचे सहसा आढळत नाही. ते तपासण्याजोगे आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. या फितीच्या प्रत्येक फुटावर सोळा चित्रे बसतात. म्हणजे चित्रांची संख्या एकोणसाठ हजारांच्या आसपास भरते. सत्तावन्न हजार हा आकडा त्यामुळे जवळजवळ खरा आहे. किंबहुना त्यात थोडा विनयच आहे. दोन मैल म्हणजे मात्र १०,५६० फूट! फीत प्रत्यक्षात पाऊण मैलही पुरी भरत नव्हती. एका वाक्यात काटेकोर सत्य, लगेच पुढच्या वाक्यात तिपटीची थाप, आणि दोन्ही सारख्याच गंभीर चेहऱ्याने. जादूगाराची ही जुनी रीत आहे. एक हात तो प्रेक्षकाला उघडा करून दाखवतो आणि काम दुसऱ्या हाताने उरकतो.

फाळके खरोखरच जादूगार होते, हे येथे सांगितले पाहिजे. एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले होते आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने रंगमंचावर प्रयोग करीत असत. फा-ळ-के ही अक्षरे उलट्या क्रमाने वाचली की के-ळ-फा होते. ज्याला स्वतःचे आडनाव उलटे करून त्याला ‘प्रोफेसर’ ही पदवी लावावीशी वाटली, त्या माणसाच्या अंगी विनोद मुरलेला होता यात शंका नाही. पण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव पुरस्काराला दिले गेले, टपाल तिकिटावर त्यांचे चित्र आले, आणि तसतसा हा हसरा, खटपट्या, काहीसा तऱ्हेवाईक माणूस पुतळ्यामागे दिसेनासा झाला. त्यांच्या चित्रपटांतील भक्तीविषयी भरपूर लिहिले गेले आहे. त्यातल्या हास्याविषयी फार थोडे लिहिले गेले.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृताचे पंडित, पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापक. मुलगा १८८५ मध्ये जे. जे. कलाशाळेत गेला आणि तेथून बडोद्याच्या कलाभवनात. या कलाभवनाची उभारणी करणारे रसायनशास्त्रज्ञ प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे मूळचे सुरतेचे. चित्रकला, छायाचित्रण, ठसे घडवणे, छपाई अशा नाना कलांचा व्यासंग तरुण फाळक्यांना जेथे करता आला ती संस्था एका सुरतकराच्या कल्पनेतून निघालेली होती. तेव्हा या शहराचे त्यांच्या पदरातले दान तीन रुपयांहून कितीतरी अधिक आहे. पुढे गोध्र्यास त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय मांडला. तेथे प्लेगने पत्नी आणि मूल दोघांनाही नेले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. याच सरस्वतीबाई फाळके. पुरातत्त्व खात्यातील नोकरी, स्वदेशीच्या चळवळीमुळे तिचा राजीनामा, लोणावळ्याचा आणि मग दादरचा छापखाना, रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मधील जर्मनीचा प्रवास, भागीदारांशी बेबनाव, हा सगळा भाग चरित्रग्रंथांतून सविस्तर आलेला आहे. येथे एवढेच ध्यानी घ्यावयाचे की चाळिशी ओलांडलेला, एक संसार उद्ध्वस्त झालेला, धंद्यातून बाहेर पडलेला, डोळ्यांच्या दुखण्याने काही काळ जवळजवळ आंधळा झालेला माणूस गिरगावच्या एका तंबूतल्या पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र पाहतो आणि त्याला तेथे राम आणि कृष्ण दिसू लागतात. असल्या कल्पनेला शेजारीपाजारी वेड म्हणाले असतील तर त्यांचा दोष काढता येणार नाही.

१९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत त्यांनी काम पाहिले, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा विकत घेतला आणि एप्रिलमध्ये ते परतले. प्रवासासाठी आणि यंत्रांसाठी विमा गहाण पडला होता, पुढे सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. या बाईंनी काय केले याची यादी विलक्षण आहे. साठसत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. कोऱ्या फितीच्या कडांना भोके पाडण्याचे नाजूक काम रात्री अंधाऱ्या खोलीत त्यांच्या हातून होई. फीत धुण्याची रसायने त्या मिसळीत. उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेडही पाडीत. कॅमेरा सुरू असताना जी व्यक्ती कधीही चौकटीत आली नाही, तिच्यावाचून एकही चौकट उभी राहिली नसती. तारामतीची भूमिका त्यांनीच करावी असा एक विचार फाळक्यांच्या मनात येऊन गेला होता, पण एवढ्या माणसांचे जेवण कोण करणार, या प्रश्नापुढे तो टिकला नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट सत्त्वपरीक्षेचा, डोळ्यांतून पाणी काढणारा. तो तयार होत असताना दादरच्या त्या बंगल्यात जे चालले होते, तो मात्र एक अखंड फार्सच होता. स्त्री-भूमिकेसाठी स्त्री मिळेना. कुलीन स्त्रियांचा तर प्रश्नच नव्हता. ज्यांना समाजाने आधीच बाहेर ठेवले होते, त्या बायकांनीही नकार दिला. अखेर एका उपाहारगृहातला आचारी, अण्णा साळुंके, दरमहा दहा रुपयांवरून पंधरा रुपयांवर आला आणि अयोध्येची राणी झाला. दासी झालेल्या पुरुषांपुढे वेगळीच अडचण उभी राहिली. वडील हयात असताना मिशी काढावयाची नाही, असा त्यांचा आग्रह होता. मिशीवाल्या दासी घेऊन हरिश्चंद्राचा दरबार कसा उभा करावयाचा? नटांची समजूत काढण्यात निर्मात्याची किती शक्ती खर्ची पडली असेल, याची कल्पना करावी. त्यातच या धंद्याला नाव नव्हते, प्रतिष्ठा तर नव्हतीच. म्हणून कोणी विचारले तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत’ कामाला आहोत असे सांगावे, अशी सूचना मंडळींना देण्यात आली होती. बाहेरगावी चित्रण करावयास गेलेल्या या ‘फॅक्टरी’ला ढालीतलवारींसकट पाहून गावकऱ्यांनी दरोडेखोर समजून अडकवून ठेवल्याचीही हकीकत आहे. परेश मोकाशी यांनी २००९ साली ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट काढला, तेव्हा नंदू माधव यांचा हसरा, उड्या मारणारा फाळके पाहून काही जणांना तो अतिरेक वाटला. वस्तुतः त्या हकीकती जशा घडल्या तशा सांगितल्या तरी हसू आवरत नाही.

याच धावपळीत त्यांचा मुलगा भालचंद्र, जो रोहिदासाचे काम करीत होता, खेळताना दगडावर पडला आणि डोक्याला मोठी खोक पडली. पुढचा प्रसंग रोहिदासाच्या मृत्यूचा होता. मुलावर उपचार करून, तशाच अवस्थेत, बापाने तो प्रसंग चित्रित करून घेतला. विनोदाच्या इतक्या जवळ हे उभे होते. त्याचे समर्थन करावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु हसणाऱ्या फाळक्यांची गोष्ट सांगताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

आता ३ मे १९१३ च्या त्या कार्यक्रमपत्रिकेकडे वळू. त्या दिवशी कॉरोनेशनमध्ये हरिश्चंद्र एकटा नव्हता. त्याच्या जोडीला मिस आयरीन डेलमार यांचे नृत्य होते, मॅक्‌क्लेमेंट्स यांचे विनोदी प्रवेश होते, पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर होता आणि ‘टिप-टॉप’ विनोदी चित्रेही होती. म्हणजे पहिल्या मराठी माणसाच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाला प्रेक्षकांनी रडावे आणि मग त्यांना हसवण्याचे काम परदेशी पाहुण्यांनी करावे, अशी विभागणी झालेली होती. (१९१२ च्या मे महिन्यात दादासाहेब तोरणे यांचे ‘श्री पुंडलिक’ याच पडद्यावर आले होते. ‘पहिला’ कोण हा वाद त्यामुळे संपत नाही. येथे तो उकरून काढण्याचे प्रयोजन नाही.)

फाळके यांच्या ध्यानात ती विभागणी आली असली पाहिजे, कारण त्यांनी लवकरच ती मोडून काढली. १९१४ च्या जानेवारीत त्यांचा दुसरा चित्रपट ‘मोहिनी भस्मासुर’ लागला. यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघींनी कामे केली. पडद्यावर स्त्रियांनी स्त्रियांच्या भूमिका करण्याचा मान त्यांच्याकडे जातो. या चित्रपटाला जोडून ‘पिठाचे पंजे’ नावाचा छोटा विनोदी चित्रपट दाखवण्यात आला. तो फाळक्यांचाच होता. पौराणिक पंगतीतली ही घरची कोशिंबीर. हास्यासाठी आता परदेशी पाहुण्यांच्या तोंडाकडे पाहण्याचे कारण उरले नाही. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत अमेरिकेत चार्ली चॅप्लिन यांचा पहिला चित्रपट लागला, हे सनावळी पाहताना सहज लक्षात येते. तुलना करण्याचा हेतू नाही. पण घड्याळाचा काटा कोठे होता हे समजावे.

‘पिठाचे पंजे’ या नावाकडेच पाहा. नावातच पीठ आहे आणि पंजे आहेत. पीठ हे मराठी स्वयंपाकघरातले. त्याचे ठसे भिंतीवर, कपड्यावर, कोणाच्या पाठीवर उमटले की न बोलता सारा प्रसंग उघड होतो. मूकपटाला यापेक्षा सोयीची वस्तू कोणती असणार? ज्याने हे नाव ठेवले त्याला शब्दांवाचून चालणाऱ्या विनोदाचे मर्म कळले होते, असे म्हणावेसे वाटते.

हा मुद्दा थोडा विस्ताराने मांडला पाहिजे. त्या काळी मराठी विनोद नुकताच वयात आला होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचे ‘सुदाम्याचे पोहे’ १९१० मध्ये ग्रंथरूपाने आले. गडकऱ्यांचा बाळकराम त्याच वाटेने निघाला. हा विनोद शब्दांचा होता. कोट्या, अतिशयोक्ती, संस्कृतप्रचुर वाक्यांच्या कोलांट्या हे त्याचे बळ. ग्रंथालयाच्या सभासदांना त्याची गोडी सांगावयास नको. पण ज्या पडद्यावर एकही शब्द ऐकू येत नाही, तेथे या बळाचा काय उपयोग? फाळक्यांना दुसरीकडे पाहावे लागले. लळितातली सोंगे, दशावतारी खेळ, तमाशातल्या गौळणीत कृष्णाच्या मागे लंगडत येणारा पेंद्या, आणि स्वतः केळफाचे हातरुमाल व पेटाऱ्या, असा तो दुसरा वारसा. ‘लक्ष्मीचा गालिचा’, ‘आगकाड्यांची मौज’, ‘विचित्र शिल्प’, ‘धूम्रपान लीला’ ही त्यांच्या छोट्या चित्रपटांची नावे वाचली तरी कोणत्या पेटाऱ्यातून ही मौज निघाली ते समजते. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतील काड्या आपोआप हलत. एक काडी किंचित सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचे, पुन्हा सरकवावयाची. या पद्धतीचा सराव त्यांनी आधी वाटाण्याच्या रोपट्यावर केला होता. कुंडीतल्या अंकुराची वाढ दिवसागणिक टिपून ती थोड्या वेळात दाखवली, तेव्हा तर सावकाराने भांडवल दिले होते. अपार चिकाटीचे हे काम आणि त्याचे फळ काय, तर पोरांनी टाळ्या पिटाव्यात! महायुद्धामुळे कोरी फीत मिळेनाशी झाली आणि पैसाही आटला, त्या दिवसांत असल्या तुकड्यांनीच त्यांचा प्रपंच तरून गेला.

फ्रान्समध्ये असाच एक जादूगार चित्रपटांकडे वळला होता. जॉर्ज मेलिएस. नाट्यगृहाचा मालक, स्वतःच नट, स्वतःच विदूषक, स्वतःच दिग्दर्शक. पडद्यावर स्वतःचे डोके काढून टेबलावर ठेवणारा. फाळक्यांच्या ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये (१९१८) कंसाचे डोके धडावेगळे होऊन हवेत तरंगते आणि पुन्हा धडावर बसते. ही चलाखी मेलिएसच्याच कुळातली. पण मेलिएसच्या डोक्याला हसावयाचे असते. कंसाच्या डोक्याकडे पाहून आधी भीती वाटते आणि मग हसू फुटते. राक्षस घाबरला की प्रेक्षक हसतो, हे कीर्तनकारांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते.

तरीही फाळके यांना शुद्ध विनोदी चित्रपटांची परंपरा उभी करता आली नाही, हे मान्य करावे लागेल. पुढे बंगालमध्ये धीरेन गांगुली यांनी ‘बिलात फेरत’मध्ये (१९२१) विलायतेहून परतलेल्या साहेबाची टर उडवली; स्वतः नट आणि स्वतः सूत्रधार अशा विनोदकाराची जागा आपल्याकडे त्यांनी घेतली. पडद्यावरील विनोदाला एक ओळखीचा चेहरा लागतो. माक्स लिंडेरची टोपी आणि हातमोजे, चॅप्लिनची काठी. प्रेक्षक तो चेहरा पाहूनच हसण्याच्या तयारीने बसतात. फाळक्यांच्या छोट्या विनोदपटांना असा चेहरा मिळाला नाही. तो चेहरा त्यांना सापडला तो पौराणिक चित्रपटातच, आणि तोही स्वतःच्या घरात.

१९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्णाचे काम त्यांची मुलगी मंदाकिनी हिने केले. तेव्हा ती सात वर्षांची होती. हा चित्रपट बऱ्याच अंशी शिल्लक आहे आणि त्याचा आरंभ कोणीही चुकवू नये असा आहे. कथा सुरू होण्यापूर्वी एका सात वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावरील भाव पाहा, असे प्रेक्षकांना लिहून कळवले जाते. मग मंदाकिनी पडद्यावर येते. ती हसते, रागावते, घाबरते, लाजते, पुन्हा हसते. एकामागून एक भाव, मध्ये काहीही कारण नाही. नंतर हळूहळू त्या मुलीचे चित्र विरत जाते आणि त्याच ठिकाणी मोरपीस लावलेला कृष्ण उभा राहतो. देव दाखवण्याआधी देवाचे सोंग कोणी घेतले आहे ते दाखवण्याचे धाडस बापाने केले. तरीही पुढे तो देवच वाटतो. लळितातही सोंग डोळ्यांदेखत रंगते आणि तरी पाया पडले जाते. हे गणित बाहेरच्या माणसाला समजावून सांगणे कठीण आहे.

त्यानंतरचा बराच भाग निखळ खोड्यांचा आहे. गडी जमवून लोणी पळवणे, तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांपुढे भोळा चेहरा करणे, सवंगड्यांची बाजू घेऊन वचपा काढणे. रात्री एका धनिकाच्या घरात शिरून झोपलेल्या नवराबायकोची दाढी आणि वेणी एकत्र बांधून ठेवण्याचा प्रसंग तर कोणत्याही देशातल्या मूक विनोदपटात शोभला असता. मंदाकिनीच्या हालचालींत नाटकी लकब नाही. ती खरोखर खेळते आहे. कालियाशी झुंज सुरू झाल्यावर चित्रपट गंभीर होतो आणि मग तंत्राची करामत पाहावयाची. परंतु मनात घर करून राहते ती आधीची पोरे आणि त्यांची धावाधाव. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) साळुंके यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामे केली होती. त्या चमत्काराचे कौतुक झाले आणि तिकिटांच्या नाण्यांची पोती बैलगाड्यांतून न्यावी लागली, असे सांगतात. तथापि, अभिनेत्याला मोकळे सोडून त्याच्याकडून हसू काढून घेणारा दिग्दर्शक पाहावयाचा असेल तर ‘कालिया मर्दन’कडेच जावे लागते.

त्यानंतरची हकीकत थोडक्यात सांगितलेली बरी. १९१८ मध्ये भागीदारांबरोबर नाशकास ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. पैसा आला आणि त्याबरोबर मतभेदही आले. फाळके सर्व सोडून काशीला गेले, तेथे ‘रंगभूमि’ हे नाटक लिहिले, परत आले, पुन्हा काम केले. परंतु पूर्वीची ती घरगुती फॅक्टरी संपली होती. पगारी व्यवस्थापकांच्या कंपनीत ‘आगकाड्यांची मौज’ कोण काढू देणार? बोलपट आला आणि मूकपटाचे राज्य बुडाले. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि त्याला मागाहून ध्वनी जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. मेलिएसने उतारवयात पॅरिसच्या माँपार्नास स्थानकावर खेळणी विकली. फाळक्यांच्या वाट्याला दुकान आले नाही. तरी विस्मरण मात्र सारखेच आले.

मूकपटांच्या काळात आपल्या देशात सुमारे तेराशे चित्रपट निघाले, त्यांपैकी पूर्ण वा अर्धवट मिळून तिसाच्या आतच आज उरले आहेत. नायट्रेटची फीत स्वतःच पेट घेते. पेटली नाही तर चिकट होऊन कुजते. दोहोंतून वाचली तर चांदीसाठी विकली जाते. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून आणि इतरत्र हिंडून उरलेले तुकडे मिळवले. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि अखेरची रिळे आज पाहावयास मिळतात, तीही १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या प्रतीची असावीत, असे अभ्यासक मानतात. म्हणजे सुरतेतल्या त्या सोळा प्रेक्षकांनी जे पाहिले, ते तसेच्या तसे आज कोणालाच पाहता येत नाही. २००३ साली संग्रहालयाच्या गोदामाला आग लागून पुष्कळ मूळ नायट्रेट फिती जळाल्या. फाळक्यांच्या चित्रपटांच्या प्रती आधीच सुरक्षित फितीवर उतरवून ठेवल्या होत्या, म्हणून ते बचावले.

फीत गेली, छापील कागद मात्र राहिला. ३ मेच्या कार्यक्रमातील अलेक्झांडर आणि त्याचे पाय आज माहीत आहेत ते वर्तमानपत्रातील जाहिरातीमुळे. फाळक्यांना चित्रपटाविषयी काय वाटत होते ते कळते ‘नवयुग’ मासिकात १९१७-१८ मध्ये त्यांनी लिहिलेल्या लेखांमुळे. काशीहून परत यावे म्हणून अच्युतराव कोल्हटकरांनी ‘संदेश’मधून केलेली खटपट त्या पत्राच्या अंकांत आहे. हे अंक ज्या कोणी बांधून, वाळवी लागू न देता, जुन्या कपाटांतून सांभाळले त्यांत ग्रंथालयांचे कारकून, शिपाई आणि चार आणे वर्गणी भरणारे सभासद आहेत. अशा कपाटांत गुजराती पत्रांचे जुने अंकही असतात. तीन आण्यांची ती जाहिरात सुरतेत कोणत्या भाषेत, कोणत्या शब्दांत छापली गेली, हे पाहावयाचे तर ते येथेच शोधावे लागेल.

उरलेल्या तुकड्यांत प्रोफेसर केळफाचाही एक तुकडा आहे. फाळके स्वतः पडद्यावर येतात आणि हातचलाखी करून दाखवतात. १९१७ च्या ‘चित्रपट कसे तयार करतात’मध्येही ते दिसतात, तेथे ते नटांना शिकवताना, फीत तपासताना दिसतात, कामात बुडालेले. केळफाच्या तुकड्यात मात्र त्यांचे सारे लक्ष समोर बसलेल्यांकडे आहे. हात उघडे, बाह्या सारलेल्या, चेहरा अगदी गंभीर. फीत दोन मैल लांब आहे असे छापून घेताना तो चेहरा असाच राहिला असेल.